माल गोदामात, हिशेब रिटर्नपुरता

महोदय,

आपल्या अर्थविषयक पानांवर उद्योगधंद्यांच्या डिजिटल होण्याविषयी बरेच छापून येते. क्लाउड, डॅशबोर्ड, कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे. मोठ्या कंपन्यांपुरते ते ठीक आहे. पण सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी या पट्ट्यातल्या घाऊक पेठेत, जिथे सळई, सिमेंट, पाइप, वायर आणि रंग विकले जातात, तिथे दुकानात संगणक येऊन जमाना झाला. तरी ‘१२ एमएम किती नग शिल्लक?’ असे विचारले की मालक संगणकाकडे बघत नाही. गोदामातल्या माणसाला फोन लावतो. हा फोन का लावावा लागतो, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

दुकानातला संगणक जीएसटीचे रिटर्न, म्हणजे करविवरण, भरण्यासाठी चालतो, हे त्याचे कारण. विक्रीचे बिल त्यातून छापायचे असते म्हणून विक्री रोजच्या रोज चढते. खरेदीची बिले मात्र फाइलला लागतात आणि करसल्लागाराचा फोन आला की महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास एका बैठकीत चढवली जातात. मधल्या काळात माल आला, विकला गेला, परत आला, फुटला, दुसऱ्या गोदामात गेला. यातले यंत्राला काहीच ठाऊक नसते. जुन्या पेढीवर कच्च्या खर्ड्यावरून कीर्द (रोजची जमाखर्चाची वही), कीर्दीवरून खतावणी (खातेवार वही) आणि खतावणीवरून तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) असा क्रम होता. त्या दिवसाची कीर्द पुरी केल्याशिवाय दिवाणजी गादीवरून उठत नसे. माहिती प्रणाली तीही होतीच, फक्त तिला वीज लागत नव्हती. आता कीर्द, खतावणी, तेरीज बटण दाबले की होते. खर्डा मात्र महिन्याने लिहिला जातो.

याचा पहिला पुरावा म्हणजे उणे साठा. खरेदी चढायच्या आधी विक्री चढली की शिल्लक शून्याखाली जाते. साठा नसताना बिल होऊ न देण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते आणि बहुतेक दुकानांत ती लवकरच बंद केली जाते, कारण गिऱ्हाईक टेम्पो घेऊन दारात उभे असते. ती बंद करण्यात फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते संध्याकाळी उणे साठ्याची यादी कोणी काढत नाही म्हणून. त्या यादीतल्या प्रत्येक ओळीमागे चारपैकी एक कारण निघते: खरेदी चढवायची राहिली, बिल दुसऱ्याच नावावर फाडले, एकक चुकले, किंवा गिऱ्हाइकाने परत आणलेला माल धरलाच नाही. त्याच दिवशी पाहिले तर दहा मिनिटांत उलगडते. मार्चमध्ये पाहिले तर उलगडत नाही आणि मग ‘साठा समायोजन’ नावाची एक नोंद टाकून सगळे गाडले जाते. शिवाय साठा उणे असताना सॉफ्टवेअर सरासरी खरेदीदर काढू लागले की त्या मालावरचा नफा वाटेल तो दाखवते. महिन्याचा नफा पाहून खूश होणाऱ्यांनी आधी ही यादी पाहावी.

नावांचा घोळ याच्याही आधीचा. एकच माल ‘सळई १२’, ‘टीएमटी १२ एमएम’ आणि ‘बार १२’ अशा तीन नावांनी संगणकात असतो, कारण बिल करणाऱ्या प्रत्येक मुलाला नवे नाव उघडण्याची मुभा असते. खरेदी एका नावावर आणि विक्री दुसऱ्यावर. एकीकडे चार टन उणे, दुसरीकडे पाच टन जास्त. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो. नावाचा क्रम एकदाच ठरवायचा: आधी वस्तू, मग माप, मग प्रत, मग कंपनी. उदाहरणार्थ, ‘सळई १२ एमएम ५५०डी’ आणि पुढे कंपनीचे नाव. नवे नाव उघडण्याचा अधिकार एकाच माणसाला. जुनी दुबार नावे पुसायची नाहीत, कारण त्यांवर झालेली बिले त्यांना चिकटलेली असतात. प्रत्यक्ष मोजणी करून शिल्लक खऱ्या नावावर वळवायची, जुन्या नावापुढे ‘बंद’ लिहायचे आणि यादीत ते दिसणार नाही असे करायचे. त्याच बैठकीत प्रत्येक वस्तूचा एचएसएन क्रमांकही, म्हणजे करासाठी ठरलेला मालाच्या वर्गाचा क्रमांक, तपासून घ्यावा. उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर बिलावर तो सहा अंकी लागतो. एरवी सळई, खिळे आणि बाइंडिंग तार एकाच क्रमांकाखाली गेलेली सापडतात.

एककाचा प्रश्न मात्र जवळून पाहण्यासारखा आहे, कारण पैसा तिथे गळतो. सळई कारखान्यातून टनावर येते, वजनकाट्यावर तोलली जाते आणि दुकानातून बरीचशी नगावर जाते. नगाचे वजन काढण्याचे सूत्र पेठेत सगळ्यांना पाठ असते: व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरमागे किलो निघतात. १२ एमएमला ०.८८९ किलो, म्हणजे १२ मीटरच्या नगाला १०.६७ किलो. या हिशेबाने १० टनांत ९३७ नग बसतात आणि संगणकात तेवढेच जमा होतात. आता आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे १० एमएमच्या वरच्या आणि १६ एमएमपर्यंतच्या सळईच्या वजनात पाच टक्के कमी-अधिक चालते. समजा, आलेला माल तीन टक्के हलका आहे. मग नग भरतो १०.३५ किलोचा आणि त्याच १० टनांत ९६६ नग उतरतात. २९ नग जास्त, म्हणजे ३०० किलो. किलोला ५५ रुपये धरले तर साडेसोळा हजार रुपये. हे २९ नग कुठल्याच कागदावर नाहीत. ते मागच्या दाराने गेले तरी संगणकातला साठा बरोबरच जुळणार. उलट माल तीन टक्के भारी आला तर ९१० नगच उतरतात आणि २७ नगांची चोरी प्रामाणिक गोदामवाल्याच्या माथी येते. दोन्ही वेळा गुन्हेगार एकच, सूत्राने भरलेला आकडा.

म्हणून सळईचे मुख्य एकक किलो ठेवावे आणि नग हे दुय्यम. गाडी उतरवताना भारे आणि नग मोजावेत, काट्याच्या वजनाला त्या नगांनी भागावे आणि त्या खेपेचे नगामागे किलोचे खरे प्रमाण खरेदीच्या नोंदीत लिहावे. नोंद करताना हे प्रमाण बदलण्याची सोय बहुतेक हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये असते, फक्त ती चालू करावी लागते. वायरचेही तसेच. ९० मीटरचे बंडल फोडले की ते ‘बंडल’ या एककातून काढून ‘मीटर’मध्ये घ्यायचे, नाहीतर दोन-तीन मीटरचे तुकडे खोक्यात साचतात आणि संगणक मात्र त्या सगळ्यांचे मिळून एक अख्खे बंडल दाखवतो. तेच बंडल मग कोणीतरी फोनवर कबूल करून बसतो.

खरेदी-नोंदीत आणखी एक गोष्ट सर्रास चुकते. भाडे आणि हमाली मालाच्या किमतीत न धरता वेगळ्या खर्चखात्यात टाकली जाते. विक्रीदर ठरवणाऱ्याला त्याने चकवा बसतो. १,८०,००० रुपयांचे पाइप आले, भाडे ९,००० आणि हमाली १,८०० झाली, की मालावर सहा टक्के चढले. बिलदरावर सात टक्के चढवून विकणाऱ्याला संगणक १२,६०० रुपये नफा दाखवतो. हातात राहतात १,८००. त्यातून एक पाइप फुटला की संपले. भाडे-हमाली खरेदीच्याच नोंदीत ‘मालाच्या किमतीत धरा’ या सोयीने टाकली तर दर आपोआप खरा दिसतो.

आता जीएसटी. व्यापारी मंडळी तिला नावे ठेवतात. पण नोंद वेळेवर करायची सक्ती या पेठेत कोणी आणली असेल तर ती जीएसटीनेच, हे मान्य करायला हवे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्याला विकलेल्या मालाचे ई-इनव्हॉइस करावे लागते, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागते. बिल पोर्टलवर गेले की विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरून ६४ अक्षरी आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा नोंदणी क्रमांक, तयार होतो. तोच बिल क्रमांक पुन्हा पाठवला की २१५० क्रमांकाची त्रुटी येते: हे बिल आधीच नोंदले आहे. आयआरएन रद्द करायला २४ तास मिळतात. त्यानंतर क्रेडिट नोटच, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा वेगळा कागद, करावी लागते. रद्द केलेला बिल क्रमांकही पुन्हा वापरता येत नाही. दुकानांत याची शिक्षा नेहमी एकाच कारणाने भोगावी लागते: सकाळी बिल आणि दुपारी माल. दहाला ५० नगांचे बिल फाडले, तीनला गाडीत ४२ चढले, उरलेले ‘उद्या पाठवतो’. तो उद्या परवावर गेला की २४ तास उलटलेले असतात. आधी माल चढवायचा, चढवणाऱ्याने चिठ्ठीवर नग लिहायचे, त्या चिठ्ठीवरून बिल, बिलावरून ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) आणि मग गाडी सुटायची. हा क्रम पाळणाऱ्या दुकानांत क्रेडिट नोटा क्वचितच निघतात.

खरेदीच्या बाजूने पाहा. १ जानेवारी २०२२ पासून २बी या, पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टल बनवते त्या, विवरणात दिसेल तेवढेच इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) घेता येते आणि ते विवरण दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. त्याच्याशी आपल्या नोंदींचा ताळा जुळत नाही, त्याचे कारण पुष्कळदा टंकलेखनाचे असते: पुरवठादाराचा बिल क्रमांक ‘०४५’ आणि आपल्याकडे चढवलेला ‘४५’. सोळा अक्षरांच्या आत असलेला तो क्रमांक तिरप्या रेघेसकट, शून्यासकट जसाच्या तसा लिहायचा, एवढाच यावर उपाय. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आलेले बिल स्वीकारणे, नाकारणे किंवा प्रलंबित ठेवणे अशी सोय आहे आणि काहीच केले नाही तर बिल स्वीकारले असे धरले जाते. इथे माझा मूळ मुद्दा पुन्हा येतो. माल कमी आला हे गोदामवाल्याला ठाऊक असते, करसल्लागाराला नाही. बटण मात्र करसल्लागाराच्या हातात. या दोघांना जोडणारा कागद म्हणजे आवक पावती: तारीख, गाडी क्रमांक, पुरवठादार, मोजलेले नग, तुटफूट, उतरवणाऱ्याची सही. पन्नास पानांचे दुबार कार्बनचे पुस्तक पुरते. आवक पावतीचा क्रमांक खरेदीच्या नोंदीत लिहिल्याशिवाय बिलाचे पैसे सोडायचे नाहीत, असा नियम केला की खरेदी आपोआप त्याच दिवशी चढू लागते, कारण पुरवठादारच मागे लागतो.

करदर बदलले की याद्यांची परीक्षा होते. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ वर आले. ज्या सॉफ्टवेअरमध्ये दर तारखेसह ठेवता येतो तिथे २२ तारखेपासून नवा दर, अशी एक ओळ वाढवायची असते. जुना दर खोडून त्यावर नवा लिहिला की ऑगस्टमधल्या विक्रीचा परत आलेला माल १८ टक्क्यांनी जमा होतो आणि क्रेडिट नोट मूळ बिलाशी जुळत नाही.

उधारीविषयी थोडक्यात. वसुलीची यादी तारखेनुसार, ३०, ६०, ९० दिवसांच्या रकान्यांत काढता येते; पण गिऱ्हाइकाने दिलेले पैसे ‘खात्यावर जमा’ म्हणून टाकले आणि कोणत्या बिलापोटी आले ते लिहिले नाही, तर ती यादी निव्वळ खोटी ठरते. जुनी बिले उभी राहतात, बाजूला एक ढोबळ जमा रक्कम लोंबकळत राहते आणि वादातले नेमके बिल कधीच वर येत नाही. गिऱ्हाइकाला ‘कुठल्या बिलाचे?’ असे विचारायला पाच सेकंद लागतात. संकोच वाटतो, म्हणून विचारत नाहीत.

पासवर्डचीही तीच तऱ्हा. तीन माणसे एकाच नावाने आत जातात, पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला असतो आणि मग रोखीची एक पावती महिन्याने गायब झाली की कोणाला विचारायचे ते कळत नाही. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद राखणारे, आणि ती नोंद बंद करता न येणारे, सॉफ्टवेअर वापरणे सक्तीचे आहे. मालकीच्या आणि भागीदारीच्या दुकानांना ती सक्ती नाही. म्हणून ती सोय असूनही कोणी वापरत नाही. तिघांना तीन नावे द्यावीत, बिल करणाऱ्याला पावती पुसण्याचा अधिकार नसावा आणि रिटर्न भरून झालेला महिना कुलूपबंद करावा. या तीन गोष्टींना एक पैसा लागत नाही.

पैसा लागतो तो बॅकअपला, आणि तोही किरकोळ. २०१९ च्या ऑगस्टमधला आणि २०२१ च्या जुलैमधला पूर या भागाने पाहिला आहे. तळमजल्यावरचा संगणक आणि त्याच्याच खालच्या खणातली हार्डडिस्क यांना बॅकअप म्हणत नाहीत. खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर जोडून ठेवलेला पेनड्राइव्हही त्याच मिनिटाला कुलूपबंद होतो. रोजची एक प्रत इंटरनेटवर, आठवड्याची एक प्रत घरी वरच्या मजल्यावर आणि तीही जोडून न ठेवलेली. दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून तेरीज मूळ तेरजेशी पडताळायची. उघडून न पाहिलेल्या प्रतीचा भरवसा नाही. कित्येकदा फाइल असते, आत काही नसते.

पुराचा विषय निघालाच आहे तर विम्याचेही सांगतो. कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचे बँकेचे फिरते कर्ज, घेणारा दुकानदार बँकेला दरमहा साठ्याचे पत्रक देतो आणि त्यावर त्याची उचल ठरते. उचल हवी तेवढी बसावी म्हणून त्या पत्रकात अंदाजाचा, फुगवलेला आकडा टाकण्याची पद्धत आहे. पेठेत हे उघड गुपित आहे. नुकसानीच्या दाव्यात विम्याचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) मागतो खरेदीची बिले, विक्रीची बिले, संगणकातला साठा आणि बँकेला दिलेले पत्रक. चार कागदांवर चार आकडे निघाले की दाव्याला कात्री लागते आणि त्या वेळी खुलासा करण्याजोगे काही हाती नसते. बँकेचे पत्रक संगणकातूनच काढावे आणि तो आकडा कमी भरत असेल तर आधी नावे, एकके आणि उणे साठा तपासावा. पुष्कळदा माल खरोखर असतो, नोंद नसते.

व्यापारी संघटनांकडे एक मागणी आहे. नव्या सॉफ्टवेअरची प्रात्यक्षिके पुरे झाली. आवक पावतीचे पुस्तक, चढाईची चिठ्ठी आणि वस्तूंच्या नावांचे नियम यांचे मराठी नमुने छापून सभासदांना वाटा आणि गोदामातल्या कामगारांसाठी दोन तासांचे वर्ग घ्या, मालकांसाठी नव्हे. वाणिज्य महाविद्यालयांनीही माहिती प्रणालीच्या व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी विद्यार्थ्यांना एखाद्या दुकानाची साठामोजणी करायला पाठवावे.

मोजणीविषयी शेवटचे. मार्चअखेर दोन दिवस शटर ओढून सगळे मोजण्यापेक्षा रोज दहा वस्तू मोजाव्यात. नऊशे वस्तूंच्या दुकानाची एक फेरी ९० कामाच्या दिवसांत पुरी होते. महाग आणि वेगाने खपणारा माल महिन्यातून एकदा धरावा. मोजणी सकाळी, पहिले बिल फाडण्याआधी व्हावी. ज्याच्या ताब्यात माल आहे त्याच्यासोबत दुसरा एक माणूस असावा. फरक निघाला तर तो त्याच दिवशी कारणासह लिहावा आणि कारण सापडेपर्यंत समायोजनाची नोंद टाकू नये. मोजणाऱ्याच्या हातात द्यायच्या यादीवर वस्तूचे नाव आणि जागा एवढेच छापावे. संगणकातली शिल्लक त्यावर छापलेली असली की माणूस बरोबर तेवढीच मोजतो.

आपला,
घाऊक दुकानांच्या संगणकीय हिशेबाचे काम करणारा एक वाचक
सांगली